मुकं पाणी

मी लहानपणी किती बोलत होते हे सांगायला आता माझ्या वयाचं कुणी उरलं नाही, त्यामुळे तेही मलाच सांगावं लागतं. सांगायला लागले की सून म्हणते (आमच्यात सासूला मामीच म्हणतात), "मामी, तुम्ही सांगताय तेवढ्यावरनंच कळलं." तरीही सांगते. चारठाण्याच्या पलीकडं, जिथं काळी सपाट रानं संपून दगड सुरू होतात, तिथं डोंगराला पाठ लावून आमचं गाव बसलेलं. पुढच्या खोलीत आप्पांचं किराण्याचं दुकान आणि मागं आम्ही. त्या घरात आवाजांना काही तोटा नव्हता. पहाटे मायच्या जात्याची घरघर, मग आप्पांच्या पूजेची घंटा, मग कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून आप्पा दुकानाच्या फळ्या काढायचे त्याचा खडखडाट, तागडीच्या साखळ्या, गूळ फोडण्याची ठकठक, आणि गल्लीतून बांगड्यांची टोपली घेऊन "चुडियाँऽऽ" करत जाणारी खालाबी. या सगळ्यांना मागं टाकून जो आवाज पारापर्यंत पोचायचा तो माझा. मी जात्याशी बोलायचे, मांजरीशी बोलायचे, गिऱ्हाइकाला हळद किती पाहिजे हे विचारायच्या आत त्याच्या सासूची तब्येत विचारून मोकळी व्हायचे. झोपेतही बोलायचे म्हणे. आणि सकाळी उठून मायला विचारायचे, "मी झोपंत काय म्हणत होते गं?" म्हणजे राहिलेलं पुरं करता यावं.

त्यामुळं व्हायचं ते झालं. दोन स्थळं येऊन, पोहे खाऊन, परत गेली. "पोरगी नाकीडोळी चांगली हाय, पण..." एवढं बोलून पाहुणे गप्प व्हायचे. तो "पण" म्हणजे माझं तोंड. माय पदराआड रडायची. मला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं, तिसरं स्थळ ऐकिवात येईपर्यंत. हे स्थळ सपाटीवरच्या ताडकळसचं. मध्यस्थानं सांगितलं की त्यांच्या घरी फोनो आहे. पितळी कर्णा असलेली पेटी, किल्ली दिली की माणसासारखी गाते आणि बोलते. झालं! मी त्या क्षणी मनानं ताडकळसची झाले. नवऱ्या मुलाचं नाव काय, तो काळा का गोरा, मी विचारलंसुद्धा नाही. मला त्या पेटीशी लग्न करायचं होतं. माझ्यासारखीच न थांबता बोलणारी वस्तू ज्या घरात चालवून घेतात, तिथं माझा निभाव लागेल, एवढा साधा हिशेब. आज माझ्या नाती मुलाचा पगार, पुण्यातलं घर, सगळं विचारून घेतात आणि वर मला म्हणतात की तुमच्या वेळी मुलींना काही चॉइसच नव्हता. होता की. मी फोनो निवडला होता.

पाहुणे गुरुवारी येणार असं ठरलं. आणि त्याच आठवड्यातला सोमवार हा श्रावणातला शेवटचा सोमवार होता, ज्या दिवशी आमच्या गावात मुकं पाणी यायचं. हे काय ते सांगते, कारण ते फक्त आमच्याच गावात होतं. सपाटीवरच्या लोकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. गावामागच्या डोंगरात, दोन खिंडी ओलांडून, एक धबधबा होता. त्याला दुसरं नाव नव्हतं, आम्ही नुसतं ‘धार’ म्हणायचो. त्या धारेचं पाणी आणून गावातल्या महादेवावर घालायचं, दरवर्षी एका घरानं. आणायचं त्या घरातल्या बिनलग्नाच्या लेकीनं. घागरीत धारेचा पहिला थेंब पडला की पोरीचं तोंड बंद, ते महादेवाच्या पिंडीवर पाणी पडेपर्यंत उघडायचं नाही. घागर वाटेत खाली टेकवायची नाही. एक शब्द जरी गेला तरी पाणी तिथंच ओतून, परत माघारी जाऊन, नवीन भरून आणायचं. असं का, हे मी काशीकाकूला विचारलं होतं. ती म्हणाली, "विचारायचं नसतंय." काशीकाकू माझी विधवा चुलती. देवाधर्माचा सगळा कारभार तिच्या हातात, आणि न विचारण्याच्या गोष्टींची तिच्याकडं फार मोठी रास होती.

त्या वर्षी पाळी आमच्या घराची. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, म्हणजे उरले मी. गावाला इतकी करमणूक कित्येक वर्षांत झाली नव्हती. मीठ घ्यायला आलेली माणसं मीठ विसरून आप्पांना विचारायची, "मंग, गिरजाच आणणार का पाणी?" आणि तोंडावर उपरणं धरायची. खालाबी आमच्या उंबऱ्यात टोपली टेकवून म्हणाली, "गिर्जा चुप बैठेगी? इत्ता दूर? तो मैं हज कू पैदल जातूँ!" मी तिला तिथल्या तिथं एवढं मोठं उत्तर दिलं की ते ऐकूनच माय म्हणाली, "न्हाई व्हायचं हिच्यानं." पण मी जाणारच होते. खरं कारण सांगायचं तर देवाचं मला फारसं पडलं नव्हतं. मला धार बघायची होती. गावातल्या साऱ्या पोरी कधी ना कधी जाऊन आलेल्या, आणि मला मात्र "तू नको, तू डोंगरातली जनावरं उठवशील" म्हणून मागं ठेवायचे. मी मनात धारेचं चित्र काढून ठेवलं होतं: आभाळाला एक भोक आहे, आणि त्यातनं पाणी पडतंय. शपथेवर सांगते, त्या वयात, लग्नाला उभी असताना, मला वाटायचं की आभाळाला भोक असतं.

सोमवारी उजाडताच मी आणि काशीकाकू निघालो. उपास होता, म्हणून सोबत फक्त भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. काकूनं गावाची शीव ओलांडल्यावर सांगितलं, "काय बोलायचं हाय ते आत्ताच बोलून घे. येताना तोंडातनं हूं का चूं निघालं तर तिथंच पाठीत धपाटा घालीन." ही परवानगी माझ्यासारखीला द्यायची नसते. सागाची पानं सुपाएवढी झाली होती, वाटेवर तेरड्याचे गुलाबी ताटवे उभे होते, दूर गुराखी एका टेकडीवरनं दुसऱ्या टेकडीला शिट्ट्या घालत होते, आणि या सगळ्याच्या मधनं मी बोलत चालले होते. फोनोबद्दल, ताडकळसच्या बाजाराबद्दल, आमची म्हैस डाव्या बाजूलाच का लाथ मारते त्याबद्दल. गुराख्यांची शिट्टी ऐकून मी दोन बोटं तोंडात घालून तशीच घातली. काकू जागीच थांबली. "कुणी शिकिवलं हे?" मी म्हटलं, "कुणी न्हाई, आपलं आपुनच येतंय." काकू म्हणाली, "ताडकळसच्या लोकाला हे कळालं तर गाडीतनं खाली सुदा उतरायचे न्हाईत." पहिल्या खिंडीत तिचा गुडघा कुरकुरला आणि दुसऱ्या खिंडीत तर ती सरळ दगडावर बसलीच. "मी हितंच बसते. खाली उतरायचं माझ्या पायाला जमायचं न्हाई. जा, भर आन् ये. आन् गिरजे..." तिनं तोंडावर बोट ठेवलं.

धार दिसायच्या आधी ऐकू आली. मी वळण घेतलं आणि थांबले. आभाळाला भोक नव्हतं, ही पहिली निराशा. काळ्या कड्यावरनं पाणी सुटलेलं, वर घट्ट दुधासारखं आणि खाली येता येता कापूस पिंजल्यासारखं, आणि खाली डोह, आणि डोहाभोवती हिरवेगार दगड. आमची माडी, तिच्यावर मारुतीचं देऊळ आणि त्याच्यावर अजून एक माडी ठेवली तर जेवढं होईल तेवढा तो कडा असेल. पुढच्या आयुष्यात मी याहून कितीतरी मोठे धबधबे पाहिले, तिकीट काढून, कठड्याला धरून. पण ज्याच्यापुढं मला पहिल्यांदा माझाच आवाज ऐकू आला नाही, तो हा. मी "ओऽऽ" केलं. काही नाही. माझं नाव ओरडले. काही नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याहून जास्त बोलणारं कुणीतरी भेटलं होतं, आणि मला त्याचा खूप राग आला. मी डोहाच्या काठावर उभी राहून धारेशी भांडले. पुढचा सगळा वेळ गप्प राहायचं म्हणून पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं बोलून काढलं, शिल्लक राहायला नको म्हणून. मागं नातवानं मला मोटारीतनं तिकडं नेलं होतं. भर उन्हाळा, नुसता ओला दगड. तो हिरमुसला. मी म्हटलं, "बाबा, आज तिची पाळी हाय गप बसायची."

तर मी घागर धारेखाली धरली. पहिला थेंब पडला, तोंड मिटलं. घागर भरली, कमरेवर घेतली, वळले, आणि बघते तर डोहाच्या पलीकडच्या काठावर एक बाई. चांगली भरदार, हिरवं इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वहाणा पायातच, आणि धारेकडं बघून लहान पोरासारख्या टाळ्या वाजवायलेली. पलीकडनं खालून गाडीवाट येत होती, तिकडनं आलेली असणार. तिला धारेखाली जायचं होतं, आणि जवळची वाट म्हणून ती नेमकी त्या सपाट हिरव्या दगडाकडं निघाली होती जो दिसायला गादीसारखा आणि पाय पडला तर लोण्यासारखा. त्याच्या खाली डोह किती खोल, आमच्या गावातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडून तरी काय, ऐकू जाणार नव्हतंच. मी घागर डाव्या कमरेवर घट्ट दाबली, उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी घातली. अशी की डोंगरातली जनावरं खरोखरच उठली असतील.

बाईनं दचकून वळून बघितलं, आणि त्या वळण्यानंच तिचा पाय सरकला. म्हणजे मी वाचवायला गेले आणि आधी पाडलं. मी काठाकाठानं धावले. तिनं माझं मनगट धरलं, मी तिचं धरलं, ती खाली ओढायली, मी वर ओढायली, आणि कमरेवरची घागर मधे हिंदकळायली. शेवटी आम्ही दोघी धप्पकन बसलो, ती उथळ पाण्यात आणि मी कोरड्या दगडावर, घागर छातीशी धरून. तिची एक वहाण डोहात गोल गोल फिरत गेली आणि दिसेनाशी झाली.

"अगं माय माय माय," बाई दम घेत म्हणाली. मी तिला धारेपासून लांब, आवाज जरा कमी होता तिथं एका आंब्याखाली नेलं. तिनं लुगडं पिळलं, मग माझ्याकडं बघून विचारलं, "कुणाची गं तू? नाव काय तुजं?" आता आली का पंचाईत. मी तोंडावर हात ठेवला: मौन आहे. घागरीकडं बोट दाखवलं: पाण्यासाठी. वर हात जोडले: महादेवाचं काम. मला वाटलं, याहून सोपं करून कुणी सांगू शकणार नाही. बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मुकी हाईस व्हय गं? आन् तरी एवढ्या लांबनं पाणी आणाय लावतेत? देवानंच असं केलं म्हणायचं, दुसरं काय!" मी जोरजोरात मान हलवली. ती म्हणाली, "नको, नको, रडू नको."

मग तिनं गाठोडं सोडून मला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि बोलायला लागली. माणसं मुक्या माणसापुढं कशी बोलतात हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. तिचा भाऊ खाली गाडीपाशी होता. बहीण आंघोळ करणार म्हणून पाठ करून बसलेला. इथं आम्ही दोघीच. आपल्या घरातलं, सुनांचं, भावाचं, स्वतःच्या मनातलं, कुणाला कधीच सांगितलं नसेल असं सगळं त्या बाईनं माझ्यापुढं ओतलं, आणि धारेसारखंच, मधे न थांबता. मी थक्क होऊन ऐकत होते. आणि मग ती म्हणाली, "आता धाकट्या लेकासाठी हितल्या वाण्याची पोरगी बघाय चाललेय. गुरवारी जायचं हुतं, पण गाडी मोकळी घावली म्हणून आधीच निघालो. नुसतं तोंडदेखलं जायचं. त्या पोरीचं तोंड म्हणं सकाळी सुरू झालं की दिवे लागले तरी थांबंना. आधीच घरात दोन साळुंक्या हाईत माझ्या. मी न्हाई म्हणूनच सांगणार हाय."

आमच्या गावात वाणी एकच होता, आणि त्याला बिनलग्नाची पोरगी एकच.

तुम्हाला काय वाटतं, माझं काय झालं असेल? माझा फोनो चालला होता. ताडकळस चाललं होतं. आणि ज्या एका कारणानं चाललं होतं, ते कारण त्या घटकेला कमरेवर घागर घेऊन, ओठ दाबून, घोड्यासारखं नाकानं फुरफुरत बसलं होतं. मी बोलले असते तर? एकतर पाणी गेलं असतं, आणि वर पोरगी बोलकी आहे हे सिद्ध झालं असतं. मी उठले, तिला वाकून नमस्कार केला आणि खिंडीकडं पळत सुटले. काकूला बघितल्यावर हातवारे सुरू केले: बाई, भरदार, गाडी, घरी, आज! काकू म्हणाली, "नाचू नको, पाणी सांडंल." पुरी वाट मी तिच्यापुढं येऊन येऊन नाचले आणि पुरी वाट तिनं तेच उत्तर दिलं. गावात शिरताना खालाबी भेटली. तिनं मला नाव घेऊन हाक मारली, मी नुसती मान हलवली. खालाबीनं टोपली खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि काकूला म्हणाली, "बुखार तो नै है. फिर क्या हुआ इसकू?"

घरी पाहुणे आमच्याआधी पोचले होते. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, आप्पांच्या शेजारी तो भाऊ, नागाप्पा, मोठ्या पागोट्याचा. आत माय आणि ती बाई. पिंडीवर पाणी घालून घेणारे आमचे स्वामी दिवेलागणीला देवळात यायचे, तोवर घागर मला खाली ठेवता येत नव्हती. म्हणून मी माजघरात भिंतीला टेकून, घागर मांडीवर तान्ह्या लेकरासारखी घेऊन बसले. बाईनं मला बघितलं मात्र, "अगं बया! ही तर धारंवरची पोरगी!" आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पडला की जसं काही फार मोठं कारस्थान उघडकीला आलं आहे. "आस्सं हाय व्हय! पोरगी मुकी हाय हे लपवाय तुमी लय बोलती म्हणून गावभर उठिवलंत!"

आप्पा ओसरीवरनं ओरडले, "ओ, मुकी कुठली! बोलती हाय ती! लय बोलती!"

"आसू द्या हो," बाई मायेनं म्हणाली, "आई-बापाचं मन हाय. लपवू वाटतंय."

"अहो, मुकं पाणी म्हणून रीत हाय आमच्यात..." माय सांगायला लागली.

"अशी कुठं रीत आसती का? आमच्या साऱ्या मुलखात ऐकली न्हाई." बाई माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "मला पोरगी पसंत हाय. मुकी हाय म्हणूनच जास्ती पसंत हाय."

माझ्या दोन्ही स्थळांच्या वेळी जे आप्पा मला गप्प बस म्हणून डोळे वटारत होते, तेच आप्पा आता दाराशी उभं राहून म्हणत होते, "गिरजे, बोल गं! येक शबूद बोल!" आणि मी घागरीकडं बोट दाखवत होते. काशीकाकू माझ्या कानाशी वाकली आणि तिच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची धर्माबाहेरची गोष्ट बोलली: "पाणी घातल्यावरबी गपच ऱ्हा. सुपारी फुटंस्तोवर."

दिवेलागणीला पिंडीवर पाणी पडलं. सगळं गाव जमलं होतं, गिरजानं खरंच पाणी आणलं हे बघायला. घागर रिकामी झाली, स्वामींनी विभूती लावली, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आप्पा म्हणाले, "झालं आता. बोल." मी मान खाली घातली. "अगं बोल की!" मी अंगठ्यानं माती उकरली. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली, की पोर डोंगरातनं खरोखरच मुकी होऊन आली की काय. वाईट वाटलं मला. पण फोनोचा कर्णा माझ्या डोळ्यांपुढं लखलखत होता.

रात्रीच्या पंगतीला मायनं पुरण घातलं होतं. ओसरीवर पुरुष बसले, आतल्या बाजूला बाया, मधे नुसतं दार. मी कटाची आमटी वाढत होते, खाली मान घालून, जन्मात कधी वागले नव्हते इतकी शहाण्यासारखी. आणि पंगतीत बसलेल्या बाया विचारायला लागल्या, की धारेवर गाठ कशी पडली म्हणून. पाहुण्या बाईनं पुरणाच्या घासावर तूप घेतलं आणि सुरू केलं.

"काय सांगू बाई तुमाला. मी आपली काठाला हुबी. आन् ही पोर त्या हिरव्या दगडावर गेली, आन् अशी सरकली..."

मी आमटीचा पळा हातात तसाच धरून उभी राहिले.

"खाली ह्यो डोह! मी म्हणलं, गेलं लेकरू. तशीच पळाले, गपकन हात धरला, आन् वढून भाईर काढली."

बायांनी "बाई बाई" केलं. काकूनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले: गप. मी ओठ चावले. जाऊ दे, म्हटलं, म्हणू दे. मुकीचा साक्षीदार कोण?

"मंग काय, माझ्या गळ्यात पडली आन् रडाय लागली, रडाय लागली..."

"मी रडले न्हाई!"

आवाज पार ओसरीवर, ओसरीवरनं गल्लीत आणि मला वाटतं पारापर्यंत गेला. पंगतीतले सगळे हात ताटात थांबले. आणि मग दिवसभराचं तुंबलेलं सुटलं: "मी न्हाई रडले! तुमीच सरकलात! मी शिट्टी मारून सांगितलं, तुमी वळलात आन् सरकलात, मी तुमाला धरलं, घागर संबाळून धरलं, आन् वहाण कुणाची वाहून गेली, इचारा, माझ्या पायात तर कधी वहाण नव्हतीच!"

ओसरीवरनं नागाप्पाचा आवाज आला, "आक्का, वहाण गाडीतनं पडली म्हणलीस की!"

काशीकाकूनं कपाळाला हात लावला. माय दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. आप्पा मात्र, काय सांगू, आप्पा हसत होते. "बोलली! म्हणलं हुतं की न्हाई, बोलती म्हणून!" स्थळ गेलं याचं दुःख त्यांना नंतर होणार होतं.

बाई ताटावरनं उठली, परसात गेली, आणि तिथनं हाक आली, "हात धुवाय पाणी घाल गं, पोरी." मी तांब्या घेऊन गेले. अंधारात तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. मला वाटलं, आता मार बसणार. तिनं हात पुढं केले, मी पाणी घातलं. धुतलेलेच हात तिनं परत चोळले. मग अगदी हळू, मघाच्या बाईचा वाटणारच नाही अशा आवाजात म्हणाली, "तितं आंब्याखाली मी जे काय बोलले..."

तेव्हा मला कळलं. मी इतका वेळ माझ्या फोनोसाठी घाबरत होते, आणि ही माझ्या तोंडाला घाबरत होती. सुनांचं, भावाचं, तिच्या स्वतःच्या मनातलं, सगळं एका मुकीच्या कानात टाकून ती निवांत झाली होती, आणि ती मुकी गावातली सगळ्यात बोलकी पोरगी निघाली होती. ओसरीवर भाऊ बसलेला. माझं एक वाक्य गेलं असतं तर... आणि वाक्यं तर माझ्याकडं भरपूर होती.

"काय बोललात?" मी म्हटलं. "धारंचा आवाज केवढा हुता. मला काईबी ऐकू आलं न्हाई."

"काईच?"

"काईच न्हाई."

"सुनांचं?"

"कोन्त्या सुना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पदराला हात पुसले, स्वतःचा पदर असताना, आणि आत जाऊन उंबऱ्यातनंच म्हणाली, "नागाप्पा, सुपारी काढ."

"आक्का, आगं पण ती बोलती की!"

"बोलू दे. पण तिला ऐकू येत न्हाई."

"आरं देवा," नागाप्पा पागोटं सावरत म्हणाला, "मुकी न्हाई म्हणता म्हणता बहिरी निघाली व्हय?"

सुपारी फुटली. आणि त्या आंब्याखालचं मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, आता ऐकून रागावणारंही कुणी उरलं नाही, तरी इथं लिहिणार नाही. फोनोचं म्हणाल तर तो शेजारच्यांचा होता. मध्यस्थानं भिंतीपलीकडची वस्तू अलीकडं ओढून सांगितली होती. मी दोन दिवस भिंतीला कान लावून रुसले, मग विसरले.

नवी नवरी बघायला म्हणून ताडकळसच्या गल्लीतल्या बाया आल्या, तेव्हा सासूबाईंनी धारेची गोष्ट काढली. त्यांच्या पद्धतीनं. मी सरकले, त्यांनी ओढलं, मी रडले. सांगून झाल्यावर त्यांनी चोरून माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि गप्प बसले. हात तर दोघींनी धरले होते. कुणी कुणाला ओढलं हे आता खुद्द मलाही नक्की सांगता येणार नाही. पुढं सणावाराला, पाहुणा आला की, ती गोष्ट व्हायची, आणि दर खेपेला धार थोडी उंच आणि डोह थोडा खोल व्हायचा. मी हूं म्हणायचे. मग एका वर्षी, घर भरून माणसं बसलेली असताना, सासूबाईंनी गोष्टीत वाघ आणला. पाणी प्यायला पलीकडच्या काठाला आलेला, एवढाला. बोलून गेल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं की हे जरा जास्त झालं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सासूबाईंच्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली.

"एक न्हाई मामी," मी म्हटलं, "दोन हुते."